गिरणगाव आणि भिवंडीचा इतिहास एकच आहे

गिरणी कामगार म्हटलं की डोळ्यासमोर लालबाग-परळचा कोकणी हिंदू माणूस येतो, आणि यंत्रमाग म्हटलं की भिवंडी-मालेगावचा मुसलमान. मी रत्नागिरीचा. गेल्या हिवाळ्यात सुट्टी काढून परळ, मदनपुरा आणि भिवंडी पाहून आलो. माझं मत असं की ही वाटणी खोटी आहे आणि तिची किंमत आपण अजून मोजतोय.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे या गिरण्यांना माणसं पुरवण्यात मोठा वाटा जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता. बोटीने माणूस जायचा, मागून मनीऑर्डर यायची. कोकणी मुसलमानांतले अनेक जण जहाजांवर खलाशी झाले. पण गिरण्यांच्या साचेखात्यात मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते. त्यातले कितीतरी उत्तर प्रदेशातून येऊन मदनपुऱ्यात वसलेले मोमीन होते.

याच जास्त मजुरीच्या साचेखात्यात दलितांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांचा ‘विटाळ’ इतरांना चालत नसे. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. विणकरीचा अभिमान सांगताना आपण हेही सांगायला हवं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. कापड बनणं थांबलं नाही. ते काम भिवंडीसारख्या गावांतल्या यंत्रमागांवर गेलं. गिरणीत आठ तासांची पाळी होती, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती. यंत्रमागावर बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. काम गेलं, पण हक्क त्याच्याबरोबर गेले नाहीत. परळच्या माणसाची नोकरी गेली आणि भिवंडीच्या माणसाला मिळाली ती हक्कांशिवाय. दोघांचं नुकसान एकाच व्यवहारातलं. तरी मे 1984 मध्ये भिवंडी आणि मुंबईत दंगल पेटली, तेव्हा माणसं हिंदू आणि मुसलमान म्हणूनच मोजली गेली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत आज माझ्याच पेशातली माणसं बसतात. काम स्वस्त जागी हलवणं आमच्या धंद्यात रोजचंच. गिरणीतला बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तरच त्याला काम. आज आपला मुलगा बाईकवर बसून मोबाईलवर ऑर्डरची वाट बघतो. त्याला ‘बदली’ हा शब्द माहीत असता, तर आपली अडचण नवी नाही आणि एकट्याची नाही, हे त्याला कळलं असतं.

म्हणून मित्रांनो, इतिहास फक्त किल्ल्यांचा आणि सुलतानांचा नसतो. तुमच्या घरात गिरणी, गोदी किंवा मागावर काम केलेलं कुणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. पगार किती होता, पाळी कितीची होती, शेजारच्या साच्यावर कोण होतं, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. जुना गेटपास, पगाराची चिठ्ठी, खलाशाचं पुस्तक सापडलं तर फोटो काढा. संपाच्या वेळी तिशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत.