खोकेबंद

मी जात्या भांडखोर नाही. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. "पासबुक छापायचं मशीन बंद आहे" हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणून त्याच्यातली धग कधीच विझलेली असते. एकदा एका गृहस्थांनी माझ्या अंगावर चेकबुक फेकलं, तेव्हा मी ते उचलून "सही जुळत नाही" एवढंच म्हणालो होतो. पण काही गोष्टी अशा असतात की बी.कॉम. झालेल्या माणसाचंसुद्धा रक्त तापतं. न उघडलेलं खोकं ही त्यातली पहिली.

खोकं म्हटलं की महाराष्ट्रातला वाचक हल्ली गालातल्या गालात हसतो. ते खोकं नव्हे. मी साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल बोलतोय, ज्याच्या आत जपानी यंत्रमानव असतो. साधासुधा नव्हे, बदलणारा. पाय मुडपले, छाती उघडली, डोकं आत ढकललं की त्याचं विमान होतं. नाहीतर ट्रक होतो. नाहीतर पाच सिंह एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एक धिप्पाड माणूस उभा राहतो. मी ही खेळणी जमवतो. "या वयात?" असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आमच्या सौ.ना भेटावं, त्यांच्याकडे या प्रश्नाच्या अनेक आवृत्त्या तयार आहेत.

आमच्या पिढीला हे वेड दूरदर्शनने लावलं. १९८०च्या दशकात 'जायंट रोबोट' लागायचा. मूळ १९६७ची जपानी मालिका, पण त्यातली माणसं इंग्रजी बोलायची आणि ओठ दुसरंच काही बोलायचे. त्यातला पोरगा मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडायचा आणि तो अजस्र रोबो उडत यायचा. आमची सगळी चाळ तेव्हा स्वतःच्या मनगटाशी बोलत हिंडायची. (आता मोठी माणसं तेच करतात आणि त्याला स्मार्टवॉच म्हणतात.) शेवटच्या भागात तो रोबो शत्रूला कवेत घेऊन उल्केवर जाऊन आदळला, तेव्हा चाळीत दोन दिवस सुतक होतं. पण तो रोबो बदलत नसे. बदलणारे आम्हाला फार उशिरा भेटले, आणि भेटले ते खोक्यात.

आता मुद्द्यावर येतो. ही खेळणी घेणाऱ्यांत एक पंथ आहे. या पंथाचे लोक खेळणं विकत घेतात, खोक्याचे चारही कोपरे भिंगातून तपासतात, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढवतात आणि कपाटात ठेवून देतात. सील तोडायचं नाही. आतला रोबो जन्मल्यापासून हातपाय न हलवता पडून असतो. आमचे एक मित्र या पंथातले कट्टर. ते प्रत्येक खेळणं दोन नग घेतात.

"एक ठेवायला, एक उघडायला," ते मला म्हणाले.

"मग उघडलेलं दाखवा की."

"अहो, ते अजून उघडलं नाहीये. आधी तिसरं मिळू दे."

अशा माणसाला खात्यात पैसे ठेवून उपाशी झोपणारा खातेदार म्हणतात. आमच्या धंद्यात याला नियम आहे. दोन वर्षं खातेदाराने खात्याला हात लावला नाही की ते खातं निष्क्रिय. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही की रक्कम उचलून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. २०१४ पासून तशी योजनाच आहे. पैशासारखी निर्जीव गोष्टसुद्धा दहा वर्षं पडून राहिलेली सरकारला बघवत नाही. आणि इथे १९८३चा ट्रक चाळीस वर्षं झाली तरी थर्माकोलच्या खळग्यात उताणा पडलाय, त्याचं कुणाला काही नाही!

बदलणं ही या खेळण्यांची शोभा नव्हे. तो त्यांचा प्राण आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. १९७२ साली गो नागाई यांचा 'माझिंगर झेड' पडद्यावर आला. १९७४ साली पोपी नावाच्या कंपनीने त्याचं जस्ताच्या मिश्रधातूचं खेळणं काढलं. गोष्टीत तो रोबो 'चोगोकिन' नावाच्या काल्पनिक अतिधातूचा होता, म्हणून खेळण्याचंही नाव चोगोकिन. हातात घेतलं तर किलोच्या मापासारखं जड वाटावं. मूठ स्प्रिंगवर सुटायची आणि सोफ्याखाली जायची. पण बदलणं नव्हतं. त्याच वर्षी 'गेटर रोबो' आला. त्यात तीन विमानं एकमेकांवर आदळून रोबो बनायचा. आणि कसा बनायचा? चित्रात लोखंड कणकेसारखं ताणलं जायचं. विमानातून हात असा निघायचा जसा उंधियूतून वांगं निघावं. आधी तिथे होतं कुठे हे विचारायचं नाही. खेळणी बनवणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असणार, कारण कागदावर ताणता येतं, धातू ताणता येत नाही.

मग १९७६ साली 'कॉम्बॅटलर व्ही' आला. पोपीचे कात्सुशी मुराकामी आणि त्यांच्या मंडळींनी उलटा विचार केला: जे हातात खरोखर जोडता येईल तेच पडद्यावर दाखवायचं. पाच वाहनं, पाचही खरी, आणि जोडली की रोबो. माझ्या मते हा हिशेबातला प्रामाणिकपणा आहे. जमेला दाखवलंय ते तिजोरीत सापडलं पाहिजे.

आणि १९८२ साली 'माक्रोस'मधली व्हाल्कीरी! हिच्याबद्दल लिहिताना माझं अक्षर सुधारतं. शोजी कावामोरी नावाच्या बाविशीतल्या पोराने अमेरिकेच्या एफ-१४सारखं दिसणारं लढाऊ विमान घेतलं आणि त्याचा माणूस केला. विमानाची दोन इंजिनं खाली आली की ते पाय. पोटाखाली दुमडून ठेवलेले हात बाहेर. पंख पाठीला. मध्ये आणखी एक अवस्था: वर विमान आणि खाली पाय, म्हणजे कोंबडीला सरकारी नोकरी लागल्यासारखं दिसतं. काही नाहीसं होत नाही, काही आकाशातून टपकत नाही. हा गृहस्थ आपल्या कल्पना लेगोच्या ठोकळ्यांवर जोडून पाहतो म्हणतात ते खरं आहे, आणि त्याच्या कामात ते दिसतं. ताकातोकू कंपनीने १/५५ मापाचं तिचं खेळणं काढलं. १९८४ साली ती कंपनी बुडाली, पण खेळणं तरलं. तेच रूप १९८५ साली अमेरिकेत 'जेटफायर' या नावाने ट्रान्सफॉर्मर्समध्ये जाऊन उभं राहिलं. मुळात ट्रान्सफॉर्मर्स ही १९८४ सालची अमेरिकन बारशाची कमाल. बाळं बहुतेक ताकाराच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅनच्या घरची. जपानात त्या डायक्लोन ट्रकमध्ये इवलासा चालक बसायचा. अमेरिकेत चालक काढला आणि ट्रकलाच जीव आला.

तर अशी ही परंपरा. एकाने बिजागरीसाठी रात्री जागवल्या, आणि दुसरा ती बिजागरी एकदाही न हलवता कपाटात ठेवतो. ज्ञानेश्वरी विकत घेऊन बांधणी किती घट्ट आहे एवढंच सांगणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? म्हणजे सभ्य शब्दांत काय म्हणतो?

"पण खोकं बंद राहिलं की माल सुरक्षित राहतो," असं पंथाचं म्हणणं. साफ खोटं. पांढरं प्लॅस्टिक खोक्यातसुद्धा पिवळं पडतं. सोनेरी चमक मिसळलेलं एक प्लॅस्टिक त्या काळी वापरत. ते वर्षांनी इतकं ठिसूळ होतं की नुसतं उचलताना खाकऱ्यासारखं मोडतं. स्टिकरचा गोंद वाळतो. जस्तात अशुद्धी राहिली असेल तर धातूला आतून भेगा जातात. मऊ भाग थर्माकोलला चिकटून बसतात. आणि हे सगळं घडत असताना मालक बाहेरून खोक्याच्या कोपऱ्यांवर खूश! आमच्याकडे नोटांची गड्डी सील असली तरी मोजतात. वरची आणि खालची नोट खरी आणि मधली वर्तमानपत्राची, असले प्रकार काउंटरवर बसणाऱ्याला नवे नाहीत. न उघडलेल्या मालाची खात्री देणारा माणूस मी कर्ज मागायला आला तर उभाही करणार नाही.

उघडून परीक्षण करणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. त्यांचंही एक खातं माझ्याकडे आहे. ही मंडळी खेळणं आल्या दिवशी उघडतात, एकदा बदलतात, उभं करतात, तलवार हातात देतात आणि दहापैकी साडेनऊ गुण देऊन मोकळी होतात. तो अर्धा गुण कशाचा कापला, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा पुढच्या खेळण्याला दहा देता यावेत म्हणून राखून ठेवत असावेत. अहो, कर्ज मंजूर केल्या दिवशी "कर्जदार उत्तम" असा शेरा मारता येतो का? कर्जदार कसा आहे ते चौथ्या हप्त्याला कळतं. रोबो कसा आहे ते पन्नासाव्या वेळी बदलताना कळतं. खांदा सैल पडला का, पंख्याची खाच झिजली का, रंग बिजागरीपाशी खरवडला का. एका फार वाखाणलेल्या विमानाचे खांदे नुसते शेल्फवर उभे राहून तडकत असत. पहिल्या दिवशीच्या परीक्षणात ते कुणाला दिसणार?

दुसरं म्हणजे त्यांचं ते हुबेहूबपण. "पडद्यावरच्यासारखी मांडी नाही," म्हणून दोन गुण कापतात. पडद्यावरची मांडी! तिथे चित्रकार बदलला की मांडी बदलायची, घाई असली की बोटं मोजून काढलेली नसायची. त्या कणकेच्या चित्राशी मिळावं म्हणून मग कंपन्या काय करतात, तर सुटे भाग काढायचे आणि दुसरे लावायचे. याला बदलणं म्हणायचं? सासूबाईंना उचलून त्यांच्या जागी दुसऱ्या सासूबाई बसवायच्या आणि स्वभाव बदलला म्हणायचं, त्यातला प्रकार. १/५५ची ती जुनी व्हाल्कीरी ठेंगणी आहे, मान आखूड आहे, पोट सुटल्यासारखी दिसते. पण एक भाग न काढता तिन्ही रूपं घेते आणि पोराच्या हातात टिकते. माझ्या वहीत ती पहिली.

पोराच्या हातात, हे मी मुद्दाम म्हणतोय. आता या खेळण्यांच्या खोक्यांवर "१५ वर्षांवरील" असं छापलेलं असतं. १९९७ साली 'सोल ऑफ चोगोकिन' म्हणून जुना माझिंगर नव्याने निघाला, तोच मुळी एकेकाळच्या पोरांसाठी, म्हणजे आमच्यासारख्या टक्कल पडू लागलेल्यांसाठी. त्यात वाईट काही नाही. पण उघडणारच नाही असं गिऱ्हाईक वाढलं की टिकाऊ बिजागरी करायची कंपनीला गरज काय? दिसायला देखणं केलं की झालं. आणि भाव चढला की शेजारच्या पोराला ते काचेतूनच बघायचं. आपल्याकडे तर आयात खेळण्यांवरचा सीमाशुल्काचा दर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ साली ७० वर. म्हणजे आधीच दारात पाहरेकरी, आणि आत गेल्यावर कपाटाला कुलूप.

माझा भाचा नऊ वर्षांचा. त्याच्या हातात मी व्हाल्कीरी दिली. सूचनापत्रक जपानीत होतं. त्याला ते वाचता येत नव्हतं आणि मला वाचता येत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने विमान उलटं केलं, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, याचे हात इथे झोपलेत." मग एकेक करून जागे केले. पाय खाली येताना जो खट्ट आवाज होतो तो ऐकून त्याने माझ्याकडे पाहिलं, ते बघण्यासारखं होतं. हे मी आमच्या पंथीय मित्रांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आता त्याची किंमत किती कमी झाली?"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घसारा मला शिकवू नका. घसारा वापरल्याने येतो, आणि वापरल्याबद्दल माणसाला काहीतरी मिळालेलं असतं. म्हणून तर तो खर्चाच्या बाजूला लिहायला परवानगी आहे. न वापरता भाव चढण्याची वाट पाहणं याला सट्टा म्हणतात. तो करायचा तर खुशाल करावा, पण मग स्वतःला खेळण्यांचा रसिक म्हणवू नये. गोडाऊनवाला म्हणवावं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परीक्षण पन्नास वेळा बदलल्याशिवाय छापू नये, आणि त्यातली दहा वेळा घरातल्या लहान मुलाने बदललेली असावीत. दोन वर्षं न उघडलेलं खोकं निष्क्रिय जाहीर करावं. दहा वर्षं झाली की ते कायद्यानेच जवळच्या नऊ वर्षांच्या मुलाकडे वर्ग करावं. मूळ मालकाने पुरेशी ओळख पटवली तर त्याला रविवारी दुपारी खेळायला मिळेल.

मित्रांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्हाला माहितीये का, जुनी रिकामी खोकीसुद्धा चांगल्या भावाने विकली जातात." हे खरं आहे, मी पाहिलंय. मग अडचण कुठे आली? खोकी तुम्ही ठेवा, आतले तेवढे माझ्याकडे पाठवा. टपालखर्च माझा.