काढ्याचा रंग आणि काढ्याचे बळ

काढा जितका काळा तितका गुणाचा, अशी समजूत रुग्णांत आहे. आणि खेदाने म्हणावे लागते की, ती काही औषधनिर्मात्यांतही आहे. आसवारिष्टांना गडदपणा गुळाने येतो, तसा करपवलेल्या साखरेनेही आणता येतो. शार्ङ्गधरांनी क्वाथासाठी सांगितलेले सोळापट पाणी व अष्टमांश शेष हे प्रमाण पाळले गेले की नाही, हे बाटली उजेडात धरून कळत नाही. प्रकाशच वापरावयाचा तर तो मोजून वापरावा, असे आमचे मत आहे.

त्यामागील नियम जुना आहे. बुगेर (१७२९) व लँबर्ट (१७६०) यांनी थराच्या जाडीचा विचार केला; बीअर यांनी १८५२ मध्ये त्यास द्रावणाच्या तीव्रतेची जोड दिली. तीव्रता दुप्पट झाली की शोषणांक दुप्पट होतो. शोषणांक ०.४ असता सुमारे ४० टक्के प्रकाश पार होतो, ०.८ असता सुमारे १६ टक्के, आणि २ असता अवघा १ टक्का. म्हणूनच दाट काढा तसाच तपासून उपयोग नाही. तो स्वच्छ गाळून, मोजून पातळ करावा लागतो. गढूळपणाने प्रकाश विखुरतो आणि यंत्र त्यालाही शोषणच समजते.

आपल्या कोकमाचेच पाहावे. त्याचा लाल रंग अँथोसायनिन द्रव्यांचा. ती ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सर्वाधिक शोषतात. लाल प्रकाशात मोजू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. शिवाय आम्लता घटली की रंग पालटतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून कोणीही खात्री करून घ्यावी. द्रव्य तेवढेच, आकडा मात्र निराळा! तेव्हा आम्लता सारखी न ठेवता दोन बॅचांची तुलना करणे व्यर्थ होय.

औषधाचा गुण एका आकड्यात मावत नाही, हा आक्षेप आम्हास मान्य आहे. वरून मिसळलेल्या रंगाने हा आकडाही फसेल. परंतु त्याच वनस्पतीच्या, त्याच रीतीने सिद्ध केलेल्या मागील बॅचपेक्षा ही बॅच उणी उतरली काय, एवढे तो सांगतो. चमच्याने मात्रा ठरवून देणाऱ्या वैद्यास तेवढेही ठाऊक नसणे रुग्णाच्या हिताचे नाही.

प्रत्येक लहान फार्मसीने यंत्र घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. कसाल येथे महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. कुडाळ, कणकवली व मालवण या तिन्ही बाजूंच्या सभासदांना ते सोयीचे आहे. संघटनेने तेथे एक साधा कलरीमीटर सामायिक ठेवावा आणि नोंदवही सर्वांस खुली असावी. काचनळी मात्र ज्याची त्याने धुवावी व पुसावी. बोटांचे ठसेही प्रकाश अडवतात.