निठारी : निकाल लागले, न्याय कोठे आहे?

२९ डिसेंबर २००६ रोजी नोएडातील निठारी गावालगतच्या एका बंगल्यामागील नाल्यातून बालकांच्या कवट्या व हाडे बाहेर निघू लागली, तेव्हा सारा देश हादरला. निठारीतील कष्टकरी आईबाप मात्र त्याआधी कितीतरी महिने पोलीस चौकीचे उंबरठे झिजवीत होते. पोटासाठी परमुलखातून आलेल्या या मजुरांना ‘पोरे पळून गेली असतील’ एवढेच उत्तर मिळे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोएडातीलच एका बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे बालक पळविले गेले, तेव्हा सारी यंत्रणा खडबडून जागी झाली आणि काही दिवसांतच ते सुखरूप घरी परतले. बालकाबालकांत हा भेद कोणी केला?

पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००९ मध्ये बंगल्याचा मालक व घरगडी या दोघांनाही फाशीची शिक्षा झाली. मालक त्या खटल्यातून त्याच वर्षी सुटला. गड्याच्या गळ्याभोवतीचा फास कायम राहिला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री स्थगिती दिली म्हणूनच तो वाचला. सुमारे साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर घेतलेला कबुलीजबाब हा खटल्यांचा मुख्य आधार होता, आणि तोच अखेर ढासळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गड्याला बारा व मालकाला दोन खटल्यांतून मुक्त केले. अवयवांच्या संघटित व्यापाराच्या शक्यतेचा कसून शोध न घेता गरीब नोकराला राक्षस ठरविण्याचा सोपा मार्ग पत्करला गेला, असे ताशेरेही ओढले. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या खटल्यातही गड्याला निर्दोष ठरविले.

जो पुरावा टिकला नाही, त्यावर माणूस फासावर चढला असता, तर हा निकाल कोणाला ऐकविला असता? आणि बालकांचे मारेकरी कोण, हा प्रश्न एकोणीस वर्षांनंतर पुन्हा आरंभापाशीच येऊन ठेपला. दोष निर्दोष ठरविणाऱ्या न्यायालयाचा नव्हे. पुरावे गोळा करण्याची वेळ दवडणाऱ्या तपासयंत्रणेचा आहे.

हरवलेल्या प्रत्येक बालकाची तक्रार अपहरणाचा गुन्हा मानून नोंदवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला आहे. तो झोपडपट्टीतील चौकीपर्यंत पोचला की नाही, हे पाहणे संघटित श्रमिकांचेच काम आहे. मजूर आई चौकीच्या दारात एकटी उभी राहते, तेथेच पुढच्या निठारीची सुरुवात होते. तिच्या पाठीशी वस्ती उभी राहिली पाहिजे.