वीकएन्डला सर्व्हर कोण बघणार?

शुक्रवारी रात्री संगमनेर, अकोले करत गाडी राजूरला पोचते. पुढे भंडारदरा, आणि मेअखेर असेल तर काजवे! सगळे धमाल मूडमध्ये. एकजण मात्र मोबाइलची रेंज शोधतोय. ऑफिसात नवा सर्व्हर उभा करायचाय आणि त्याच्या पायऱ्या फक्त याच्याच डोक्यात!

बॉस, डोक्यातलं फाइलमध्ये उतरवा. यूजर, पॅकेजेस, फायरवॉल, बॅकअप... सगळं स्क्रिप्टमध्ये लिहिलं की टीममधलं कुणीही ती चालवू शकतं.

हातानं करण्यात काय बिघडतं? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल कंपनीला विचारा. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एकावर राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ला शेअर बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त स्वाहा!

अर्थात, चुकीची स्क्रिप्ट आठही सर्व्हरची एकदम वाट लावते. म्हणून आधी टेस्ट सर्व्हर. टेराफॉर्म वापरत असाल तर आधी ‘प्लॅन’ चालवा. क्लाउडवर काय नवं बनणार, काय उडणार, ते दिसतं. नीट वाचा, मगच ‘अप्लाय’. सर्व्हरच्या आतली मांडामांड ॲन्सिबलकडे द्या. फाइल्स गिटमध्ये ठेवा, पासवर्ड मात्र त्यात नकोत.

शेवटची टेस्ट एकदम सोपी. टीममधल्या सगळ्यात नव्या मेंबरला स्क्रिप्ट आणि कोरा सर्व्हर द्या. तुम्हाला एकही फोन आला नाही? मग बिनधास्त सुट्टी टाका!