लोकलची गर्दी आणि काचेतला प्रकाश

दोस्तांनो, संध्याकाळी अंबरनाथ स्टेशनवर कधी उभे राहिला आहात? बदलापूर लोकल थांबते आणि दारांतून माणसांचा लोंढा एकदम बाहेर पडतो. पण पूल ओलांडेस्तोवर काय होतं? कॉलेजची पोरं धावत पुढे, भाजीची पिशवी घेतलेल्या काकू मध्ये आणि आजोबा सगळ्यांत मागे! घट्ट घोळका लांबच लांब होतो. तेवढ्यात मागची लोकल आली, की तिच्यातली पोरं पहिल्या लोकलच्या आजोबांना गाठतात. आता कोण कुठल्या गाडीचं, सांगा पाहू!

नेमकी हीच पंचाईत इंटरनेटचीही होते.

आपले संदेश केसासारख्या बारीक काचतंतूतून जातात. भारतात टेलिफोन एक्सचेंज जोडायला असा तंतू पहिल्यांदा वापरला तो आपल्या पुण्यात, १९७९ साली. आता तर रेल्वेच्या रुळांच्या कडेनेही तो टाकलेला असतो. त्यातून लेसरचा प्रकाश लुकलुकत जातो. प्रकाश आला तर १, नाही आला तर ०. अशा एकेका लुकलुकीला म्हणायचं 'स्पंद'.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटर. तेवढ्या लांबीच्या तंतूतून प्रकाश सेकंदाच्या साधारण तीन हजाराव्या भागात पोहोचतो. मग अडचण कुठे आली?

लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो, असं आपण म्हणतो. पण त्याची उघडझाप केली, की शेजारच्या छटाही त्यात मिसळतात. उघडझाप जितकी झटक्यात, तितक्या छटा जास्त. (हा प्रकाश अवरक्त असतो, त्यामुळे आपल्याला तो दिसत मात्र नाही.) काचेत प्रत्येक छटेचा वेग किंचित वेगळा. झाली ना आपली लोकलची गर्दी!

आता हिशेब करू. सेकंदाला १००० कोटी स्पंद पाठवले, तर एकेकाच्या वाट्याला येतात १०० पिकोसेकंद. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! आणि बदलापूरपर्यंत पोहोचताना नेहमीच्या तंतूत असा स्पंद पसरतो, तोही साधारण १०० पिकोसेकंदच. म्हणजे थेट शेजाऱ्याच्या घरात पाय!

मग १ आहे की ०, हे कळायचं कसं? तुम्हाला गणितात ६४ गुण मिळाले. संगणकाच्या भाषेत ते १०००००० असे लिहितात. त्यातला पहिला १ चुकून ० वाचला, तर गुण किती? भोपळा! अशा चुका पकडायची सोय असते म्हणा, पण चुका फार झाल्या तर तीही अपुरी पडते.

यावर उपाय म्हणजे स्पंदाला नीट आकार द्यायचा. टाळीचा आवाज आठवा. तो झटक्यात येतो, आणि त्यात उंच-खालचे सगळे सूर एकत्र असतात. बासरीवर हळुवार फुंकलेला सूर मात्र स्वच्छ. तसंच, खड्या भिंतींसारखा चौकोनी स्पंद न पाठवता टेकडीसारखा हळू चढणारा-उतरणारा स्पंद पाठवला, की त्यात छटा कमी येतात आणि तो कमी पसरतो.

हॅरी नायक्विस्ट या शास्त्रज्ञाने १९२८ साली तारायंत्राचा अभ्यास करताना आणखी एक युक्ती दाखवली होती. स्पंदाच्या शेपट्या शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्या तरी चालतील. फक्त शेजाऱ्याची नोंद घेतात त्या क्षणी त्या शून्यावर हव्यात! आजच्या यंत्रांतल्या चिप्स असाच आकार आधी हिशेबाने ठरवतात, मग लेसरचा प्रकाश तसा घडवतात. राहिलेला पसारा पलीकडची चिप आवरते. शिवाय छटा कमी, म्हणून जागाही कमी. मग त्याच तंतूतून अनेक रंग शेजारी-शेजारी पाठवता येतात. नवा रस्ता खणायला नको!

करून पाहा : मैदानावर चार-चार मित्रांच्या तीन टोळ्या करा. प्रत्येक टोळीत हळू चालणारे आणि भरभर चालणारे दोन्ही घ्या. पाच-पाच सेकंदांनी टोळ्या सोडा. शंभर पावलांनंतर टोळ्या ओळखू येतात का? आता सगळ्यांनी एकाच चालीने चालून पाहा. फरक का पडला, हे आता तुम्हीच धाकट्या भावंडांना समजावून सांगा!