कपाटातल्या काचा

मुलांनो, मोठा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी दुर्बीण येते. वर्षानुवर्षे एकच नोंद करणारा माणूस कोणाला आठवत नाही. मला हे योग्य वाटत नाही.

कन्या राशीत '३ सी २७३' नावाची वस्तू आहे. दुर्बिणीतून ती ताऱ्यासारखी दिसते. पण ती तारा नाही, सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे, हे १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ओळखले. अशा वस्तूंना क्वेसार म्हणतात.

आता गंमत पाहा. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेच्या कपाटांत आकाशाचे फोटो घेतलेल्या जुन्या काचा होत्या. त्यांवर हा क्वेसार १८८७ पासून टिपला गेला होता! फोटो काढणाऱ्यांना क्वेसार हा शब्दही ठाऊक नव्हता. हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट यांनी १९६३ मध्येच त्या काचा तपासल्या आणि त्याचे तेज कमीजास्त होते असे दिसले. एखादी वस्तू ओलांडायला प्रकाशाला जेवढा वेळ लागतो, त्याहून लवकर ती सगळी उजळू शकत नाही. काही महिन्यांत तेज बदलते, म्हणजे प्रकाश देणारी जागा काही प्रकाशमहिन्यांहून मोठी नाही. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. तरी या छोट्या जागेतून तिच्याहून कितीतरी अधिक प्रकाश येतो! तेथे प्रचंड कृष्णविवर आहे, असे आज मानतात.

एकाच प्रकाशात पाहूनही भागत नाही. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त बदलतो. क्ष-किरण झटपट बदलतात, रेडिओलहरी सावकाश. १९८३ मध्ये हा क्वेसार भडकला, तेव्हा वाढलेले तेज आधी अवरक्त किरणांत दिसले, रेडिओलहरींत नंतर. दोन्हींची नोंद नसती, तर हा क्रम कळला असता का?

हार्वर्डचे फोटो घेण्याचे काम मात्र १९५० नंतरच्या दशकात पैसे वाचवण्यासाठी थांबवले गेले. सुमारे पंधरा वर्षे ते जवळजवळ बंदच होते. क्वेसार ओळखले गेले ते नेमके याच काळात. कोणी म्हणेल, हे आधी कोणाला ठाऊक होते? मी म्हणतो, ठाऊक नव्हते म्हणूनच काम चालू ठेवायला हवे होते.

जुन्या काचांवरील फोटो आता संगणकात उतरवले आहेत. त्या पंधरा वर्षांची जागा तेवढी रिकामी आहे.