अंगठी, अंगठा आणि सहा अंक

गेल्या वर्षीची गोष्ट. द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उलटून गेल्यावर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती पणदऱ्याहून एस.टी.ने येते, तास सहसा चुकवत नाही. मुदतीची सूचना मी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती, आणि फक्त तिथेच टाकली होती. ती गटात नाही हे माझ्या लक्षातही आले नव्हते. 'गट का सोडलास?' असे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'सर, गटातून माझा नंबर कुणीतरी घेतला. रात्री मेसेज यायला लागले. दादानं ॲपच काढून टाकलं.' मी म्हटले, 'मग आता पुन्हा सुरू कर.' त्यावर तिचे उत्तर असे होते : 'सिम दादाच्या नावावर आहे, सर. ते त्यानं स्वतःच्या फोनमध्ये घातलंय. कोड त्याच्याकडे जातो.'

विलंबशुल्क भरून अर्ज गेला. प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. परंतु 'कोड त्याच्याकडे जातो' हे तीन शब्दांचे वाक्य काही मनातून गेले नाही. एका वीस वर्षांच्या मुलीने आपल्या वर्गमैत्रिणींशी, शिक्षकांशी, म्हणजे पर्यायाने आपल्या शिक्षणाशी संपर्क ठेवावा की नाही, याचा निर्णय सहा अंक कोणाच्या हातातील फोनवर उमटतात यावर ठरावा, ही बाब वरवर तांत्रिक वाटली तरी ती तशी नाही.

संदेशांचे कोणतेही प्रचलित ॲप घेतले तरी दाराशी पहिली मागणी मोबाइल क्रमांकाची असते. आपण क्रमांक देतो, त्यावर सहा किंवा त्याहून कमी अंकांचा कोड येतो, तो परत लिहिला की दार उघडते. याला 'पडताळणी' असे भारदस्त नाव आहे. पडताळणे म्हणजे एक गोष्ट दुसरीशी ताडून पाहणे. मग इथे नेमके काय कशाशी ताडले जाते? माझे नाव नाही, वय नाही, चेहरा नाही. या क्षणी हे सिमकार्ड ज्याच्या हाती आहे त्याने आलेले अंक वाचले, एवढेच काय ते सिद्ध होते. म्हणजे पडताळणी होते ती ताब्याची. आणि आपण तिला ओळखीची पडताळणी समजतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे ज्यांचा ताबा कच्चा आहे त्यांची ओळखही कच्ची ठरू लागली आहे.

ताबा आणि हक्क यांतील फरक आमच्या भागाला समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. नीरा डाव्या कालव्याखालचा हा मुलूख. इथे सातबारा वाचता न येणारा माणूस विरळा. गाव नमुना सातवर हक्काची नोंद असते, बारावर पिकाची. जमीन नावावर कोणाची आणि कसतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्या कागदाच्या रचनेतच मान्य केलेले आहे. मोबाइल क्रमांकाला मात्र असा दुहेरी उतारा नाही. सिम भावाच्या, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या आधारवर घेतलेले असते. वापरते बहीण, बायको किंवा सून. तिचे सारे बोलणे, तिच्या मैत्रिणी, तिचे बचतगटाचे हिशेब त्या क्रमांकाशी जोडलेले असतात. पण सिम बंद करून घेण्याचा किंवा हरवल्यास नवे मागण्याचा अधिकार ज्याच्या नावावर ते आहे त्याचा. कसणाऱ्याची नोंद या उताऱ्यात कुठेच नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे कालिदासाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. दुर्वासाच्या शापामुळे राजा शकुंतलेला विसरतो आणि खुणेचा अलंकार दाखवल्याशिवाय ती ओळखली जाणार नाही, असा उःशाप मिळतो. अंगठी पाण्यात पडते आणि भर दरबारात एक गर्भवती स्त्री स्वतःची ओळख सांगत उभी असूनही अनोळखी ठरते. पुढे ती अंगठी माशाच्या पोटातून एका कोळ्याच्या हाती लागते. या कोळ्याला क्षणभर राजाच्या जागी ठेवून पाहा : आजच्या व्यवस्थेत अंगठी ज्याच्या हाती, तोच शकुंतला ठरला असता. महाभारतातील मूळ आख्यानात अंगठी नाहीच. तिथली शकुंतला खुणेवर विसंबत नाही. ती राजाशी समोरासमोर वाद घालते आणि अखेर आकाशवाणी तिच्या बाजूने साक्ष देते. मी हिला ओळखत होतो, पण केवळ हिच्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती, असे राजा तेव्हा सांगतो. पडताळणीची गरज त्याही काळी होती, हे यावरून मान्य करायला हवे. भेद आहे तो साक्ष कोणी द्यायची यात.

माझ्या लहानपणी गावात मनीऑर्डर आली की लिहिता न येणाऱ्या आजीला पोस्टमन अंगठा उठवायला लावी आणि शेजारच्या कोणाची तरी साक्ष घेई. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आजीला किती पैसे आले हे आळीभर कळे, आणि साक्षीदाराचा आबही राखावा लागे. गावाची ओळख ही जातीची, आळीची, घराण्याचीही ओळख असते आणि ती अनेकांना जाचक झालेली आहे. दलित आत्मकथनांनी ते आपल्याला पुरेसे सांगितले आहे. म्हणूनच नवे माध्यम आले तेव्हा त्यात मुक्ततेची शक्यता वाटली होती. याहू मेसेंजर किंवा २००४ साली आलेले ऑर्कुट यांच्या काळात एखादे टोपणनाव आणि परवलीचा शब्द एवढ्यावर माणूस जगाशी बोलू शके. त्यात तोतयेही पुष्कळ होते. पण आपले नाव आपण निवडायचे आणि त्याची किल्ली आपल्या डोक्यात ठेवायची, ही सोय होती. २००९ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि त्याने फोनमधील क्रमांकांची यादी हीच मित्रांची यादी मानली. वेगळे नाव नको, परवलीचा शब्द नको. ही सोय विलक्षण होती, आणि आमच्या आयाबहिणींनी हे माध्यम आपलेसे केले ते त्याच सोयीमुळे, हे नाकारता येणार नाही. परंतु किल्ली डोक्यातून निघून सिममध्ये गेली, हीही त्याचीच दुसरी बाजू.

आणि सिम तरी आपले कुठे असते? क्रमांक ही भाड्याची वस्तू आहे. पूर्वी 'लाइफटाइम' म्हणून विकलेल्या सिमवरही २०१८ च्या अखेरीपासून येणारे फोन चालू ठेवायला ठरावीक मुदतीचे रिचार्ज करणे भाग पडले. क्रमांक बंद पडला की किमान ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणाला देता येतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये या पद्धतीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. जुन्या क्रमांकावरील माहिती पुसण्याची काळजी ग्राहकानेच घ्यायची आहे, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण दिवाळीच्या सुमारास बीडकडून माळेगाव कारखान्याच्या ऊसतोडीला येणारी टोळी डोळ्यांपुढे आणा. हंगाम संपल्यावर हाताला काम नाही, तेव्हा रिचार्जचे पैसे आधी वाचवले जातात. तीन-चार महिन्यांत क्रमांक जातो आणि त्याबरोबर मुकादमाशी, पोरांच्या शाळेशी, लेकीच्या सासरशी असलेला दुवाही तुटतो. पुढच्या हंगामात त्या क्रमांकावर कोणी परका 'कोण पाहिजे?' म्हणून विचारतो. ज्याचा पत्ता वर्षातून दोनदा बदलतो, त्याला खरे तर न बदलणाऱ्या ओळखीची सर्वांत जास्त गरज. आणि ती नेमकी त्यालाच परवडत नाही.

याच्या विरुद्ध बाजूचा युक्तिवाद हलका नाही. फसवणुकीचे पेव फुटले आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली निवृत्त शिक्षकांची आयुष्यभराची पुंजी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. क्रमांकाची अटही नसेल तर एक भामटा हजार मुखवटे घालील, हे खरे आहे. याच कारणास्तव दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये संदेशांच्या ॲपना असे निर्देश दिले की, ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या नावावरची सिमे जमवणे हा भामट्याचा धंदाच असतो. तो वाट काढतो. अडते ती घरातल्या जुन्या, सिम नसलेल्या फोनवर अभ्यास करणारी मुलगी. ताब्याची अट जितकी आवळावी, तितके ताबेदाराचे बळ वाढते, आणि घराघरातला ताबेदार कोण असतो हे वेगळे सांगायला नको.

मग करावे काय? क्रमांकाची अट सरसकट काढा, असे मी म्हणत नाही. किल्ली आणि पाटी या दोन वस्तू वेगळ्या ठेवा, एवढेच म्हणतो. दार उघडायला क्रमांक लागत असेल तर लागो. तो दारावर टांगण्याचे कारण नाही. हे अशक्य नाही : सिग्नल या ॲपने २०२४ मध्ये नोंदणीला क्रमांक कायम ठेवून इतरांपुढे मात्र निवडलेले नाव दाखवण्याची सोय केली. दुसरे असे की, खात्याला स्वतःचा परवलीचा शब्दही लावता येतो आणि मुलींना तो लावायला शिकवणे हे भाषेच्या तासाला मला गैर वाटत नाही. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचे, आपल्या हातातले आहे. शिक्षण, परीक्षा, शिष्यवृत्ती यांची कोणतीही सूचना केवळ क्रमांकाच्या दारातून जाता कामा नये.

हा दोष मी आधी स्वतःच्या पदरी घेतो. गट मी काढला. साठ मुलामुलींचे क्रमांक एकमेकांपुढे मी उघडे केले, तेही कोणाला न विचारता, सोय म्हणून. हजेरीपटावरचे नाव माझ्यासमोर रोज 'हजर' म्हणत होते. पण गटात ते नाव नाही हे मला महिनाभर कळले नाही. दुष्यंताला निदान शाप होता.

आता सूचना गटावर टाकण्याआधी फलकावर खडूने लिहितो. मुले हसतात, 'सर, हे तर मोबाइलवर आलंय.' परवा ती विद्यार्थिनी वहीत तारीख उतरवून घेत होती. तिच्याबरोबर आणखी चौघीजणी होत्या. त्याही गटात नाहीत, हे मला तेव्हाच कळले.